भौतिकी आणि रसायनातले मूलभूत स्थिरांक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीची मुलं, बी.एस्सी.वाले, शिकवणारे आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारणारे, या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. दहाचे घात १०^-३४ असे लिहिले आहेत. ते "दहाचा उणे चौतिसावा घात" असं वाचावं.

१. मूलभूत स्थिरांक म्हणजे नेमकं काय? मग पाय हाही स्थिरांकच ना?

पाय हा गणितातला स्थिरांक. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर हवे तितके दशांश काढता येतात, प्रयोगशाळा लागत नाही. भौतिकीतले मूलभूत स्थिरांक तसे निघत नाहीत. निर्वातातला प्रकाशाचा वेग, प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार, गुरुत्वस्थिरांक यांच्या किमती कुठल्याही सिद्धांतातून बाहेर पडत नाहीत, त्या निसर्गालाच विचाराव्या लागतात. पाण्याची घनता किंवा तांब्याची रोधकता यांत बसत नाहीत, कारण ते एका पदार्थाचे गुणधर्म आहेत आणि तापमान बदललं की तेही बदलतात.

"मूलभूत" हा शब्द मात्र जरा सैलपणे वापरला जातो. वायू स्थिरांक आणि फॅरडे स्थिरांक सगळ्या याद्यांत असतात, पण ते दुसऱ्या स्थिरांकांचे निव्वळ गुणाकार आहेत (प्रश्न १२).

२. मोठा जी आणि छोटा जी यांत नेहमी गोंधळ होतो. दोन्ही स्थिरांक आहेत का?

नाही, फक्त मोठा. मोठा जी म्हणजे गुरुत्वस्थिरांक, ६.६७४३ × १०^-११, आणि तो पृथ्वीवर, चंद्रावर, शनीवर सारखाच. छोटा जी म्हणजे गुरुत्वत्वरण, आणि ते जागेनुसार बदलतं: विषुववृत्तावर सुमारे ९.७८०, ध्रुवांवर सुमारे ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग. मुंबईच्या अक्षांशाला समुद्रसपाटीवर सूत्राने ९.७८६ च्या आसपास येतं. ९.८०६६५ हा आकडा जो पुस्तकांत दिसतो तो १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून दिलेला "प्रमाण" आकडा आहे. तो सोयीसाठी आहे, निसर्गाने दिलेला नाही.

३. रोजच्या गणितांसाठी कोणते आकडे जवळ ठेवावेत?

हे सहा पुरतात. पहिल्या पाचांच्या किमती आता काटेकोर, म्हणजे शून्य अनिश्चिततेच्या आहेत:

प्रकाशाचा वेग: २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद
प्लांकचा स्थिरांक: ६.६२६०७०१५ × १०^-३४ ज्यूल-सेकंद
मूलभूत प्रभार: १.६०२१७६६३४ × १०^-१९ कूलोम
बोल्ट्झमन स्थिरांक: १.३८०६४९ × १०^-२३ ज्यूल प्रति केल्विन
ॲव्होगॅड्रो स्थिरांक: ६.०२२१४०७६ × १०^२३ प्रति मोल
गुरुत्वस्थिरांक: ६.६७४३०(१५) × १०^-११ घनमीटर प्रति किलोग्रॅम प्रति सेकंद वर्ग

यांखेरीज एक आकडा पाठ करा, फार कामाला येतो: प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे सुमारे १२४० इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर. ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा? १२४० भागिले ५००, म्हणजे २.४८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. उणे चौतीस आणि उणे एकोणीस यांची झटापट करावी लागत नाही. प्रकाशविद्युत परिणामाची निम्मी गणितं अशी दोन ओळींत सुटतात.

४. प्रकाशाचा वेग ३ × १०^८ घेतला तर चालतं का? आणि कॅल्क्युलेटरवर उत्तर दसपट का येतं?

चालतं. चूक ०.०७ टक्के होते. गणितातली बाकी माहिती दोन-तीन सार्थ अंकांचीच असेल तर ती दिसतही नाही. छोटा जी ९.८ ऐवजी १० घेतला तर मात्र चूक दोन टक्क्यांची असते, म्हणून तो प्रश्नात सांगितलं असेल तरच घ्यावा. उलट टोकाची खोडही दिसते: दिलेली लांबी दोन अंकी आणि उत्तर नऊ दशांशांचं. स्थिरांक नऊ अंकी वापरला म्हणून उत्तर नऊ अंकी होत नाही.

दसपट उत्तराचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. ६.६२६ दाबून, मग "× १०" दाबून, मग ईएक्सपीचं बटण दाबलं जातं. त्या बटणातच "गुणिले दहाचा घात" आहे. ६.६२६, ईएक्सपी, उणे ३४, बस्स.

५. प्रत्येक पुस्तकात शेवटचे आकडे वेगळे का? आणि कंसात तो (१५) कशाचा?

कोडेटा या आंतरराष्ट्रीय संस्थेचा एक गट जगभरातली मोजमापं गोळा करतो, त्यांची एकमेकांशी सांगड घालतो आणि शिफारस केलेल्या किमतींचा संच जाहीर करतो. पहिला संच १९७३ चा, दुसरा १९८६ चा; १९९८ पासून साधारण दर चार वर्षांनी एक. सध्याचा संच २०२२ चा म्हणून ओळखला जातो, तो प्रसिद्ध झाला २०२४ मध्ये. तुमचं पुस्तक ज्या संचाच्या काळात छापलं, त्यातले आकडे त्यात असतात. त्यात चूक काही नाही.

कंसातले अंक म्हणजे अनिश्चितता, आणि त्या शेवटच्या अंकांना लागू होतात. ६.६७४३०(१५) म्हणजे ६.६७४३० अधिक-उणे ०.०००१५.

नवीन संचात एखादी किंमत जुन्या कंसाच्या आतच राहील असं मात्र नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान २०१८ च्या संचात ९.१०९३८३७०१५(२८) × १०^-३१ किलोग्रॅम होतं, २०२२ च्या संचात ते ९.१०९३८३७१३९(२८) झालं. शेवटच्या अंकांत १२४ चा फरक, म्हणजे कंसातल्या २८ च्या चौपटीहून जास्त. इलेक्ट्रॉन जड झाला नाही. त्याचं वस्तुमान कोणी थेट तराजूत टाकत नाही; ते रिडबर्ग स्थिरांक (हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा ठरवणारा) आणि सूक्ष्मसंरचना स्थिरांक (विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा) यांवरून काढलं जातं, आणि त्यातला दुसरा सरकला (प्रश्न १६).

६. प्रकाशाचा वेग "काटेकोर" कसा असू शकतो? मोजमापात चूक असतेच ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि पुढचं बरंचसं याच्यावर उभं आहे.

१६७६ मध्ये ओले रोमर याने गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात हे पाहून प्रकाशाला वेग आहे हे दाखवलं. १८४९ मध्ये फिझोने फिरत्या दातेरी चाकाने, १८६२ मध्ये फूकोने फिरत्या आरशाने तो जमिनीवर मोजला. पुढे मायकेलसनने त्यात आयुष्य घातलं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या गटाने लेसरची वारंवारता आणि तरंगलांबी दोन्ही मोजून २९,९७,९२,४५६.२ मीटर प्रति सेकंद हा आकडा काढला, अनिश्चितता १.१ मीटर प्रति सेकंद.

इथे एक गंमत झाली. आता अडत होतं ते मीटरपाशी. १९६० पासून मीटरची व्याख्या क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी-तांबड्या रेषेच्या तरंगलांबीवर होती, आणि ती रेषाच पुरेशी रेखीव नव्हती. कापड मोजता मोजता लक्षात यावं की गजच आखूड-लांब होतोय, तशी ही अवस्था. मग १९८३ मध्ये उलटा डाव टाकला: प्रकाशाचा वेग नेमका २९,९७,९२,४५८ धरायचा, आणि प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितकं अंतर कापतो त्याला एक मीटर म्हणायचं.

म्हणजे परिषदेने हात वर करून निसर्गाचा वेग ठरवला नाही. तिने मीटरची लांबी ठरवली. वेग जो आहे तो आहे. त्यापुढे लिहायचा आकडा आपल्या एककांचा आहे. अनिश्चितताही नाहीशी झाली नाही, ती वेगावरून उठून तुमच्या मीटरपट्टीवर जाऊन बसली. हे एकदा पक्कं झालं की २०१९ चा बदल समजायला वेळ लागत नाही.

७. २०१९ मध्ये नेमकं काय बदललं?

जे १९८३ मध्ये मीटरचं झालं तेच किलोग्रॅम, अँपिअर, केल्विन आणि मोल या चौघांचं झालं. १६ नोव्हेंबर २०१८ ला व्हर्साय इथे वजनमापांच्या २६ व्या सर्वसाधारण परिषदेत मतदान झालं आणि २० मे २०१९ पासून नव्या व्याख्या लागू झाल्या. तारीख मुद्दाम निवडलेली: १८७५ च्या २० मे रोजीच मीटर करारावर सह्या झाल्या होत्या.

प्लांकच्या स्थिरांकाची किंमत पक्की करून त्यातून किलोग्रॅम काढला. मूलभूत प्रभारातून अँपिअर, बोल्ट्झमन स्थिरांकातून केल्विन, ॲव्होगॅड्रो स्थिरांकातून मोल. सेकंद १९६७ पासूनच सिझियम-१३३ च्या अणूवर होता (९,१९,२६,३१,७७० आवर्तनं), तो तसाच राहिला.

घाई करण्याचं कारण होतं किलोग्रॅम. पॅरिसजवळ सेव्र इथे १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियमचा एक नळकांडीसारखा ठोकळा तीन काचेच्या हंड्यांखाली ठेवलेला आहे. उंची ३९ मिलिमीटर, व्यासही तेवढाच. २०१९ पर्यंत त्याचं वस्तुमान हाच किलोग्रॅम होता. शंभर वर्षांत त्याच्या प्रती आणि तो यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडत गेला. प्रती जड झाल्या की मूळ ठोकळा हलका झाला? व्याख्येनुसार ठोकळा चुकूच शकत नाही, त्यामुळे त्याचं वजन घटलं तर विश्वातलं बाकी सगळं जड झालं असं म्हणावं लागलं असतं. विज्ञानाला ही परिस्थिती शोभणारी नव्हती.

८. मग किराणा दुकानातला किलो बदलला का?

काडीमात्र नाही. नवी व्याख्या जुन्याला जोडूनच ठरवली, फरक एक किलोमागे दहा-वीस मायक्रोग्रॅमच्या घरातला. वैधमापन विभागाचा शिक्का मारलेली वजनं त्याच्या कितीतरी पट मागेपुढे असली तरी नियमात बसतात. भारताकडची ठोकळ्याची प्रत, क्रमांक ५७, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे आणि अजूनही उपयोगाची आहे. फक्त तिची साखळी आता सेव्रच्या ठोकळ्यापाशी संपत नाही.

९. प्लांकच्या स्थिरांकाचा आणि वजनाचा संबंध काय? प्रकाशाच्या फोटॉनवरून किलो कसा काढायचा?

किबल तराजूने. ब्रायन किबल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ही युक्ती सुचवली. तराजूच्या एका बाजूला वजन, त्याखाली तारेचं वेटोळं, आणि वेटोळं जोरदार चुंबकीय क्षेत्रात. काम दोन खेपांत चालतं.

पहिल्या खेपेत वेटोळ्यातून इतकी विद्युतधारा सोडायची की वजन तोललं जाईल. दुसऱ्या खेपेत वजन काढून तेच वेटोळं ठरावीक वेगाने वरखाली हलवायचं आणि त्यात निर्माण होणारा व्होल्टेज मोजायचा. चुंबकाची ताकद आणि तारेची लांबी या दोन नीट न मोजता येणाऱ्या गोष्टी दोन्ही खेपांत सारख्याच असतात, म्हणून समीकरणातून उडून जातात. उरतं ते एवढंच: व्होल्टेज × धारा = वस्तुमान × छोटा जी × वेग.

आता व्होल्टेज मोजायचा जोसेफसन परिणामाने, ज्यात प्रभार आणि प्लांकचा स्थिरांक यांचं गुणोत्तर येतं. रोध मोजायचा क्वांटम हॉल परिणामाने, ज्यात प्लांकचा स्थिरांक भागिले प्रभाराचा वर्ग येतो. व्होल्टेज भागिले रोध म्हणजे धारा. सगळं एकत्र केलं की प्रभार उडतो आणि प्लांकचा स्थिरांक उरतो. २०१९ आधी याच तराजूवर किलोचं वजन ठेवून प्लांकचा स्थिरांक मोजत होते. आता स्थिरांक दिलेला आहे, म्हणून वजन मोजतात. यंत्र तेच, प्रश्न उलटा.

छोटा जी मात्र त्या खोलीतलाच मोजावा लागतो, तोही आठ-नऊ अंकांपर्यंत. पुस्तकातला ९.८ इथे कामाचा नाही.

१०. ॲव्होगॅड्रोने तो अंक कसा मोजला?

मोजलाच नाही. ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये एवढंच मांडलं की सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. ती संख्या किती, हे त्याला कळलं नाही. १८५६ मध्ये तो वारला. पहिला बरा अंदाज १८६५ मध्ये लोश्मिटच्या कामातून निघाला, आणि १९०९ मध्ये झां पेरँने या अंकाला ॲव्होगॅड्रोचं नाव द्यावं असं सुचवलं. पेरँने पाण्यात तरंगणारे डिंकाचे सूक्ष्म गोळे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजले होते. त्या कामासाठी त्याला १९२६ चं नोबेल मिळालं.

शेवटची मोजणी फारच देखणी होती. जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ चा एकच स्फटिक घेऊन त्यातून साधारण एक किलोचा गोळा घासून काढला, व्यास सुमारे ९३.७ मिलिमीटर. स्फटिकात अणू रांगेत असतात. एका घनाकृती घरात ८ अणू, आणि घराची बाजू ०.५४३ नॅनोमीटर, ती क्ष-किरणांनी मोजता येते. गोळ्याचं आकारमान भागिले घराचं आकारमान, गुणिले आठ. झाली अणूंची संख्या. गोळा एवढ्यासाठी की कोपरे नसले की टवके उडत नाहीत, आणि व्यास सगळ्या दिशांनी मोजला की आकारमान मिळतं.

११. १२ ग्रॅम कार्बन-१२ म्हणजे एक मोल, हे अजून बरोबर आहे का?

परीक्षेत, प्रयोगशाळेत, कारखान्यात: हो. काटेकोर बोलायचं तर २०१९ पासून नाही. आता मोल म्हणजे ६.०२२१४०७६ × १०^२३ कण, संपलं. कार्बन-१२ च्या तेवढ्या अणूंचं वस्तुमान प्रयोगाने ठरतं, आणि ते १२ ग्रॅमपासून अब्जांश भागाच्या आसपास ढळलेलं असू शकतं. अणुवस्तुमान एकक मात्र आजही कार्बन-१२ च्या अणूचा बारावा भाग आहे. म्हणजे "अणुवस्तुमान १२" हे काटेकोर, "मोलर वस्तुमान १२ ग्रॅम" हे जवळजवळ काटेकोर.

१२. वायू स्थिरांक कधी ८.३१४, कधी ०.०८२१, कधी १.९८७. आणि एक मोल वायू २२.४ लिटर की २२.७?

स्थिरांक एकच, एककं वेगळी: ज्यूलमध्ये ८.३१४, लिटर-ॲटमॉस्फिअरमध्ये ०.०८२०६, लिटर-बारमध्ये ०.०८३१४, कॅलरीत १.९८७. दाब पास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये घेऊन ८.३१४ लावला की उत्तर हजारपटीने चुकतं. रसायनाच्या उत्तरपत्रिकांतली ही सर्वात नेमाने भेटणारी चूक. तो ॲव्होगॅड्रो आणि बोल्ट्झमन स्थिरांकांचा गुणाकार आहे, त्यामुळे आता तोही काटेकोर. तसाच फॅरडे: ॲव्होगॅड्रो गुणिले प्रभार, सुमारे ९६,४८५.३३ कूलोम प्रति मोल.

२२.४ आणि २२.७ दोन्ही बरोबर, प्रमाण दाब वेगळा. ० अंश सेल्सिअसला १ ॲटमॉस्फिअर, म्हणजे १,०१,३२५ पास्कल, घेतला तर २२.४१४ लिटर. १ बार, म्हणजे १,००,००० पास्कल, घेतला तर २२.७११. रसायनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ पासून १ बार सुचवला आहे, पण जुनी सवय सुटलेली नाही. प्रश्नात दाब दिला असेल तर तो वापरा; नसेल तर तुमच्या परीक्षेच्या पुस्तकात जी व्याख्या आहे ती. यावर वाद घालून गुण वाढत नाहीत.

१३. मिलिकनचा इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा आकडा चुकीचा होता म्हणे. मग नोबेल कसं मिळालं?

आकडा थोडा कमी होता. १९१३ मध्ये त्याने दिलेली किंमत आजच्या एककांत १.५९२ × १०^-१९ कूलोम, म्हणजे आजच्यापेक्षा ०.६ टक्के कमी. तेलाचे थेंब हवेतून खाली येतात तो वेग हवेच्या श्यानतेवर अवलंबून असतो, आणि त्याने वापरलेली श्यानतेची किंमत चुकली होती. प्रभार ठरावीक तुकड्यांतच येतो हा खरा निष्कर्ष त्याने ढळत नाही, आणि १९२३ चं नोबेल त्यासाठी (आणि प्रकाशविद्युत परिणामावरच्या कामासाठी) होतं.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. रिचर्ड फाइनमनने १९७४ च्या कॅलटेकमधल्या भाषणात ती सांगितली: मिलिकननंतरच्या मोजणाऱ्यांचे आकडे एकदम वर गेले नाहीत, थोडे थोडे सरकत गेले. मिलिकनपेक्षा फार वेगळं उत्तर आलं की लोक स्वतःची चूक शोधत बसायचे. जवळचं आलं की शोधत नसत. म्हणूनच आज अनेक गट उत्तर शेवटपर्यंत स्वतःपासूनही लपवून ठेवतात: विश्लेषण पुरं होईपर्यंत आकड्यात एक गुप्त फरक मिसळलेला असतो.

१४. इतकं सगळं काटेकोर, मग गुरुत्वस्थिरांकच एवढा ढिला का?

रिडबर्ग स्थिरांक बारा अंकांपर्यंत माहीत आहे, गुरुत्वस्थिरांक जेमतेम पाच. लाखात दोनचा घोळ. कारणं तीन.

एक, बल अत्यंत दुबळं आहे. एकेक किलोचे दोन गोळे एक मीटरवर ठेवले तर त्यांच्यातलं आकर्षण ६.७ × १०^-११ न्यूटन, म्हणजे एका गोळ्याच्या वजनाचा सुमारे दीडशे अब्जावा भाग. दोन, गुरुत्वाला आडोसा करता येत नाही. विद्युतबल धातूच्या पेटीने अडतं. गुरुत्व भिंत, माणसं, बाहेरून जाणारा ट्रक, पावसाने भिजलेली जमीन सगळ्यांकडून येतं. तीन, हा स्थिरांक दुसऱ्या कुठल्याही स्थिरांकाशी सूत्राने बांधलेला नाही, त्यामुळे आडवाटेने काढायची सोय नाही.

हेन्री कॅव्हेंडिशने १७९७-९८ मध्ये लंडनच्या क्लॅपममधल्या घरी केलेला प्रयोग आजही मुळाशी आहे: तारेला टांगलेली आडवी काठी, टोकांना शिशाचे लहान गोळे, शेजारी १५८ किलोचे मोठे गोळे. स्वतःच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलू नये म्हणून तो खोलीबाहेरून दुर्बिणीतून पाहायचा. त्याने गुरुत्वस्थिरांक काढला असं आपण सहज म्हणतो, पण त्याच्या लेखात तो आकडा नाहीच. त्याने पृथ्वीची घनता काढली, पाण्याच्या सुमारे साडेपाच पट.

आजच्या प्रयोगांची अडचण अशी की प्रत्येक गट आपली अनिश्चितता लहान सांगतो आणि एकमेकांशी मात्र पटत नाही. २०१० च्या एका अमेरिकी प्रयोगाचं उत्तर ६.६७२३, २०१३ च्या सेव्रमधल्या प्रयोगाचं ६.६७५५. कुणाच्या तरी यंत्रात काहीतरी लपलेलं आहे. माझ्या मते नव्या भौतिकीपेक्षा हे स्पष्टीकरण कितीतरी जास्त संभवनीय.

उपग्रह सोडणाऱ्यांचं याने अडत नाही. त्यांना गुरुत्वस्थिरांक आणि पृथ्वीचं वस्तुमान यांचा गुणाकार लागतो, आणि तो कक्षा पाहून थेट मिळतो: ३.९८६००४४१८ × १०^१४ घनमीटर प्रति सेकंद वर्ग. ढिला आकडा पृथ्वीच्या किलोग्रॅममधल्या वस्तुमानाला भोवतो.

१५. निर्वाताची चुंबकीय पार्यता नेमकी ४ पाय × १०^-७, असं शिकलो होतो. आता?

आता ती मोजावी लागते. जुन्या अँपिअरच्या व्याख्येमुळे तो आकडा काटेकोर होता. प्रभार पक्का केल्यावर ते स्वातंत्र्य संपलं. प्रश्न ६ मध्ये म्हटलं तसं अनिश्चिततेने फक्त जागा बदलली. फरक दहाव्या अंकाच्या आसपास असल्याने गणितात ४ पाय × १०^-७ खुशाल वापरा. विद्युत पारगम्यतेचंही तेच: ८.८५४ × १०^-१२ हा आकडा पूर्वी काटेकोर होता, आता नाही.

पाण्याचा त्रिक बिंदूही (बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते तापमान) याच रांगेतला. २७३.१६ केल्विन ही पूर्वी व्याख्या होती, आता मोजमाप आहे. सेल्सिअसमधून केल्विनमध्ये जायला मिळवायचे २७३.१५ मात्र आजही व्याख्येनेच पक्के. हे दोन आकडे शेजारी-शेजारी असल्याने प्रश्नपत्रिका काढणारेही गडबडतात.

१६. १३७ या आकड्यामागे एवढं गूढ का लावतात?

कारण तो एककांवर अवलंबून नाही. प्रकाशाचा वेग मैलात लिहिला की आकडा बदलतो. सूक्ष्मसंरचना स्थिरांक मात्र प्रभार, प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि निर्वाताची विद्युत पारगम्यता यांच्यापासून असा बनतो की मीटर, किलो, सेकंद सगळे कटतात. उरतो निव्वळ आकडा, १ भागिले १३७.०३५९९९१७७. मीटर-किलो न जाणणाऱ्या परग्रहावरच्या कुणालाही तो हाच मिळेल. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६.१५ पट जड आहे, हाही तसाच आकडा. खऱ्या अर्थाने मूलभूत कोणते, असं विचारलं तर माझं उत्तर हेच: मितिहीन असलेले.

तो पूर्णांक नाही, हे लक्षात ठेवा. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने तर्काने तो नेमका १३६ असायला हवा असं सिद्ध केलं होतं, आणि प्रयोग १३७ कडे झुकल्यावर १३७ असायला हवा असंही. आजही तो का एवढाच, ते कुणाला ठाऊक नाही. मोजणाऱ्यांतही एकमत नाही: बर्कलीचा सिझियम अणूंवरचा २०१८ चा निकाल आणि पॅरिसचा रुबिडियम अणूंवरचा २०२० चा निकाल यांतला फरक त्यांच्या अनिश्चिततेच्या पाचपटीहून मोठा आहे.

आणखी एक अपवाद: १३७ ही कमी ऊर्जेवरची किंमत. कण जोरात आदळवले, झेड बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेला, की ती १२८ च्या आसपास येते. काळाने नव्हे, ऊर्जेने बदलते.

१७. हे स्थिरांक खरंच स्थिर आहेत की हळूहळू बदलतायत?

प्रश्न आधी नीट मांडावा लागतो. प्रकाशाचा वेग आता मीटरच्या व्याख्येतच असल्याने "तो मीटर प्रति सेकंदात बदलला का" याला अर्थ उरत नाही. मितिहीन आकडा बदलला का, असं विचारता येतं.

डिरॅकने १९३७ मध्ये गुरुत्वस्थिरांक विश्वाच्या वयाबरोबर घटत असावा अशी कल्पना मांडली. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर परतवून अंतर मोजणाऱ्यांनी दाखवलं की तो वर्षाला १०^-१२ एवढाही बदलत नाही. डिरॅकच्या कल्पनेला त्याहून कितीतरी जास्त हवा होता.

१३७ साठी पुरावा आफ्रिकेतून आला. गॅबन देशात ओक्लो इथल्या युरेनियमच्या खाणीत, १९७२ मध्ये लक्षात आलं, सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. तिथल्या खडकात समेरियमचं जे प्रमाण उरलं आहे ते एका अतिशय नाजूक अणुकेंद्रीय अनुनादावर अवलंबून आहे. १३७ तेव्हा जरासाही वेगळा असता तर प्रमाण वेगळं दिसलं असतं. आताची अणुघड्याळं हेच थेट तपासतात, दोन वेगळ्या जातींची घड्याळं वर्षानुवर्षं शेजारी चालवून: बदल असलाच तर वर्षाला १०^-१७ च्याही खाली.

१८. सात पक्क्या स्थिरांकांत ६८३ हा एक आहे. तो कुठून आला? तो मूलभूत कसा?

मूलभूत नाही. ५४० × १०^१२ हर्ट्झच्या हिरव्या प्रकाशासाठी ६८३ ल्युमेन प्रति वॉट हा आकडा कॅन्डेला या एककासाठी १९७९ पासून ठरवून दिलेला आहे, आणि तो माणसाच्या डोळ्याला उजेड किती जाणवतो यावर बेतलेला आहे. मेणबत्तीच्या जुन्या एककाशी जुळावा म्हणून ६८३. प्लांकच्या स्थिरांकाशेजारी त्याचं नाव लागतं ते फक्त सात एककांना सात आकडे हवेत म्हणून. मधमाश्यांनी एककं ठरवली असती तर हा आकडा वेगळा आला असता आणि १३७ तसाच राहिला असता.